शेरूच्या पश्चात जातिवंत पिल्लू : कधी आणावे, कोणते आणावे?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. आमचा लॅब्रॅडॉर शेरू या पावसाळ्यात गोचीडतापाने गेला. वडिलांची इच्छा आहे की तशाच फिक्या रंगाचे पिल्लू आणावे आणि त्याचे नावही शेरूच ठेवावे. मुलीला मात्र त्याच्या जागी दुसरे कोणी ही कल्पनाच सहन होत नाही. वडील दिवसभर घरी एकटे असतात, त्यामुळे त्यांना सोबतीची खरी गरज आहे, हेही मला दिसते. तीच जात व तेच नाव ठेवणे योग्य ठरेल का, आणि घराची कोणती तयारी करावी?

उत्तर (विजापूर रोड)
शेरू गेल्याचे वाचून फार वाईट वाटले. आमच्याकडेही एका जर्मन शेफर्डनंतर दुसरा आला, त्या अनुभवावरून लिहितो. तीच जात आणण्यात काहीच गैर नाही. त्या जातीचा स्वभाव, भूक, खोड्या घराला ठाऊक असतात. नाव मात्र कृपया वेगळे ठेवा. आपल्या वडिलांच्या मनात आज जो शेरू आहे तो शेवटच्या वर्षांतला, हाक मारण्यापूर्वीच जवळ येणारा, समजूतदार शेरू आहे. नवे पिल्लू मात्र चपला फाडेल, रात्री रडेल, कोठेही लघवी करेल, आणि त्याच नावाने हाक मारली की प्रत्येक वेळी त्याची तुलना होईल व त्यात ते हरेल. त्या बिचाऱ्याचा त्यात काय दोष? मुलीला समजावत बसण्यापेक्षा नाव निवडण्याचे काम तिच्यावर सोपवून पाहा, पण तिची तयारी नसेल तर आग्रह नको.

उत्तर (होटगी रोड)
मन तयार झाले तरी घर तयार झाल्याशिवाय पिल्लू आणू नका, असे मी आग्रहाने सांगेन. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड घरातच वाढते. मादी भिंतींच्या भेगांत, चौकटींच्या मागे हजारो अंडी घालते, आणि आजारी कुत्र्याचे रक्त प्यालेली गोचिडीची पिल्ले पुढच्या अवस्थेत गेल्यावरही रोग पसरवू शकतात. उपाशीपोटीही गोचिडा कित्येक महिने तग धरतात. म्हणून भेगा सिमेंटने बुजवाव्यात, पशुवैद्यकांना विचारून योग्य फवारणी करून घ्यावी आणि काही दिवसांनी ती पुन्हा करावी. पिल्लासाठी गोचीडनाशक औषध त्याचे वय व वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

जातिवंत पिल्लू घेताना आई प्रत्यक्ष पाहावी. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, त्यामुळे महिनाभराचे पिल्लू हातात ठेवणाऱ्याकडून घेऊच नये. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, तेव्हा आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, हेही विचारावे. पार्व्हो या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराच्या लसी १६ आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण कराव्यात. तोवर रस्त्यावर फिरवू नये. आणखी एक गोष्ट आपल्या गावापुरती: संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या सुमारास पिल्लू आणू नये. साधारण ८ ते ११ आठवड्यांच्या वयात बसलेली भीती दीर्घकाळ टिकू शकते.

उत्तर (अक्कलकोट रोड)
लॅब्रॅडॉरच हवे असा हट्ट नसेल तर मुधोळचाही विचार व्हावा. विजापूरच्या पलीकडे, बागलकोट जिल्ह्यातील ही जात आपल्याकडे कारवानी म्हणून ओळखली जाते. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय श्वानांवर काढलेल्या तिकिटांत तिचा समावेश होता. आखूड केसांमुळे सोलापूरचा उन्हाळा तिला लॅब्रॅडॉरपेक्षा अधिक सोसतो. मात्र ती धावणारी, शिकारी जात आहे, अनोळखी माणसापासून अंतर राखते आणि तिला रोज मोकळे मैदान लागते. वयस्कर माणसाच्या पायाशी दिवसभर बसणारी सोबत हवी असेल, तर लॅब्रॅडॉरच बरे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. वडील वेगळ्या नावाला तयार झाले आहेत आणि पिल्लू संक्रांतीनंतर आणायचे ठरले आहे. शेरूचे अंथरूण, पट्टा व भांडी नव्या पिल्लासाठी वापरता येतील का?

उत्तर (होटगी रोड)
स्टीलची भांडी उकळत्या पाण्याने धुऊन खुशाल वापरा. अंथरुणाच्या शिवणीत गोचिडा दडून राहतात, ते टाकून द्यावे. पट्टाही पिल्लाच्या मापाचा नवाच घ्यावा.