मदत हवी आहे: पन्हाळा ते पावनखिंड गेम, रान कोडनं उगवू का हातानं लावू?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. मी आणि एक मित्र जॉब आटपून रात्री मोबाईल गेम करायलोय, १६६० च्या जुलैतली ती पावसाची रात्र. खेळणारा पालखीचा भोई आहे, राजदिंडीतनं उतरायचं, मसाई पठार, पांढरेपाणी आणि मग खिंड. लढाई कमीच, चिखल आणि अंधार जास्त. इंजिन गोडो, मॉडेल ब्लेंडरमध्ये.

गडावरचा तीन दरवाजा आणि अंबरखाना हातानं केला, त्यात आख्खा उन्हाळा गेला, त्याचं काही वाटत नाही, ते तसंच पाहिजे. पण गड उतरला की नुसतं रान, आणि तिथं मी एकेक करवंदाची जाळी लावत बसलोय, दोन महिन्यांत जेमतेम दीड किलोमीटर झालंय आणि ॲप ७०० एमबीच्या पुढं गेलंय. ४ जीबी रॅमच्या फोनवर रडतंय नुसतं.

मित्र म्हणतोय सगळंच प्रोसिजरल कर, म्हणजे हातानं न लावता कोडनंच उगव. १९८४ च्या एलिट गेमचं उदाहरण देतोय, ३२ केबीच्या मशिनवर ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, सगळे कोडनं काढलेले. खरंय, पण त्या ग्रहांवर कोण चालून आलंय? मसाई पठारावरनं दरवर्षी भर पावसात मोहिमेला पोरं जातात, पठाराच्या जागी टेकडी दिसली तर मला शोधत घरी येतील.

तरी एकदा नॉईज, म्हणजे कोडनं काढलेले रँडम चढउतार, वापरून बघितलं. चुलतभावाला खेळायला दिलं, गडी दोन दगडांत अडकला, दुरुस्त करायला मी गेम उघडतोय तर ते दगडच नाहीत, रानच नवीन. असलं कसं तपासायचं? का गप्प हातानंच लावत बसू?

प्रतिसाद १
भावा, सीड फिक्स केलंयस का? रँडम आकडे ज्या आकड्यापासनं निघतात ते हे बियाणं, ते तेच ठेवलं की रान दर वेळी तेच येतंय, अडकलेला दगड पण तिथंच सापडणार. आणि ७०० एमबी म्हणजे प्रत्येक जाळी वेगळी सेव्ह झालीय वाटतं. गोडोतलं मल्टीमेश वापर, एकच मॉडेल पाहिजे तितक्या जागी दाखवतंय, चार जाळ्या आणि पाच झाडं हातानं मस्त कर, मेमरीत तेवढीच राहतात, कुठं किती टाकायची ते कोड बघेल.

प्रतिसाद २
जमीन मात्र नॉईजवर सोडू नका. नासाचा एसआरटीएम डेटा फुकट मिळतो, साधारण दर ३० मीटरला एक उंची, पठार पठारच राहील. नॉईज फक्त बारीक खडबडीतपणाला. खिंड त्यात मिळणार नाही पण, एवढी अरुंद जागा दोन ठिपक्यांच्या मधे बुजून जाते. ती जाऊन बघा, फोटो काढा आणि हातानंच करा.

धागाकर्ता
सीड टाकलंच नव्हतं 🙈 मित्राला अजून सांगितलेलं नाही. जाळ्यांचं पण तसंच निघालं, प्रत्येकीची वेगळी कॉपी होती. रविवारी खिंडीला जातोय, पाऊस असला तरी.

आता एकच राहिलं, ओढे कसे करायचे? नॉईजला पाणी उताराला जातंय हे कळतच नाही, काल एक ओढा सरळ चढावर गेला राव.