मदत हवी आहे : फोल्ड, प्लीट, टक, ओव्हरलॅप यांना मराठीत काय लिहायचं?

कृष्णाकाठची : फोल्ड, प्लीट, टक, क्रीज, ओव्हरलॅप, इम्ब्रिकेट. डिक्शनरीत बघितलं तर सगळ्यांपुढं दुमडणे नाहीतर घडी घालणे. मला वेगवेगळे शब्द पाहिजेत आणि उद्या सकाळी द्यायचंय, लवकर सांगा प्लीज.

वाईकर_मास्तर : वाक्य टाका की. नुसत्या फोल्डवरून काय सांगणार? टेनफोल्ड म्हणजे दहापट, मेंढरांच्या वाड्यालाही फोल्डच म्हणतात.

कृष्णाकाठची : मेंढरांचं नकोय सर.

भूगोलप्रेमी : फोल्ड म्हणजे वली. हिमालय वली पर्वत आहे, आपला सह्याद्री नाही, तो लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय.

नीटची_तयारी_सांगली : इम्ब्रिकेट अकरावीच्या बायोलॉजीत आहे. गुलमोहराच्या पाकळ्यांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात पण ठरलेल्या दिशेनं नाही. भेंडी, कापूस ट्विस्टेड, म्हणजे कडा एकाच ठरलेल्या दिशेनं एकमेकींवर चढलेल्या. रुई व्हॅल्व्हेट, तिथं कडा नुसत्या टेकतात.

पाटणचा_पाऊस : तो शब्द मूळ कौलाचा आहे. लॅटिनमध्ये इम्ब्रेक्स म्हणजे कौल, आणि तो इम्बर म्हणजे पाऊस यावरून आला. आमच्या जुन्या घरावर वरच्या कौलाची कड खालच्यावर चार बोटं चढलेली असायची, ती सरकली की खाली पातेलं ठेवायला लागायचं. माशाचे खवलेपण तसेच. 'एकावर एक चढलेलं' लिहा.

कृष्णाकाठची : अहो शिवणक्लासच्या नोट्स आहेत, कराडला बचत गटाच्या बायकांची बॅच उद्यापासून आहे!

तासगावची_शिवणवाली : मग हे आधी सांगायचं ना ताई. मी 20 वर्षं ब्लाउज शिवते. फोल्ड म्हणजे दुमड, शिवून टाकली की मुडप. क्रीज म्हणजे इस्त्रीची मोड. प्लीटला प्लेटच लिहा, बायका तेच म्हणतात, आणि चुणी वेगळी बरं का, प्लेट मोजून दाबून घालायची, चुणी दोरा ओढून येते. एक इंचाच्या प्लेटला तीन इंच कापड जातं, हे नक्की लिहा, नाहीतर कापड कमी पडून बाई रडकुंडीला येते.

शुद्धमराठी : प्लेट म्हणजे ताटली. निऱ्या हा आपला शब्द असताना?

तासगावची_शिवणवाली : निऱ्या खोचतात दादा, शिवत नाहीत. साडी सोडली की निऱ्या सुटतात, फ्रॉकची प्लेट सुटली तर गिऱ्हाईक परत येतं. आणि ताई, 'टक' या शब्दाला जपा. आपण ब्लाउजला आकार यायला निमुळती शिवण घालतो, तिला टक्स म्हणतो, त्याला इंग्रजी पुस्तकात डार्ट असतं, त्यांचा टक म्हणजे पिनटक्ससारखी शिवलेली बारीक दुमड. तिथं गल्लत झाली तर छातीचं फिटिंग गेलंच.

कृष्णाकाठची : बापरे, मी डार्टला चूण लिहिलं होतं. बदलते. इम्ब्रिकेट समानार्थी शब्दांच्या यादीतून घेतला होता, काढून टाकते. ओव्हरलॅप राहिलं, हुकपट्टीसाठी 'राईट ओव्हर लेफ्ट' असं आहे.

तासगावची_शिवणवाली : उजवी पट्टी डावीवर चढवायची. घालणारीची उजवी, बघणाऱ्याची नव्हे, तेवढं कंसात लिहाच.