मदत हवी आहे : बिडी वळून बोटं झिजलेल्या आज्यांचं श्रावणबाळ अनुदान अडकलंय (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागात आमची छोटी संस्था आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पण पगारी माणूस एकच. बाकी आम्ही सगळे आपापली कामं सांभाळून येतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवणं, बीपी-शुगरच्या गोळ्या आणून देणं आणि शनिवारी अर्ज भरून देणं, एवढं आमचं काम. डबा आणि गोळ्यांचं व्यवस्थित चाललंय. कागदांपाशी मात्र गाडी अडलीय, म्हणून हा धागा.

आमच्याकडे येणाऱ्यांत बिडी कामगार बायका सगळ्यात जास्त. सोलापूरबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. कारखान्यातून पान, तंबाखू आणि सूत घरी आणायचं, घरात बसून बिड्या वळायच्या आणि मोजून परत नेऊन द्यायच्या. तिथे छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की तेवढी मजुरी गेली. उभं आयुष्य हेच केलेल्या या बायका. घरात तेलुगू बोलतात, मराठी कामापुरतं येतं, सही बऱ्याच जणींना येत नाही. आणि बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा.

त्यातल्या एका अक्कांचं सांगते. वय सत्तरीच्या पुढे, नवरा गेला, मूलबाळ नाही. निराधार म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळायचे. औषध, लाइट बिल आणि चहा-साखर त्यातच. अनुदान आधारवरून थेट खात्यात यायला लागलं आणि काही दिवसांनी पासबुकात एंट्रीच दिसेना. तहसीलमध्ये विचारलं तर सांगतात, "इथून पैसे गेलेत." बँकेत विचारलं तर, "आमच्याकडे आलेले नाहीत, आधार लिंक आहे, तुम्ही तहसीललाच विचारा." ऑनलाइन बघावं तर ओटीपी जातो नवऱ्याच्या नंबरवर आणि ते सिम केव्हाच बंद झालंय. नंबर बदलायला आधार केंद्रात नेलं, तिथे बोट आलं नाही म्हणून परत पाठवलं.

अक्का तक्रार करत नाहीत. डबा घेऊन गेलं की एवढंच विचारतात, "पैसे बंद केले का गं, माझं काही चुकलं का?" त्यांचं काहीही चुकलेलं नाही. हे मला त्यांना नुसतं सांगायचं नाहीये, पैसे सुरू करून दाखवायचेत.

पैसे नक्की कुठे गेले हे मोबाइल नसताना कसं शोधायचं? बोटं उमटतच नसतील तर आधारचं काय करायचं? आणि ज्या अंथरुणाला खिळल्यात, ज्यांना रिक्षात बसवणंही शक्य नाही, त्यांच्या वतीने आमच्यासारख्या संस्थेला काय करता येतं? अशीच अडचण असलेल्या आणखी बऱ्याच जणी आहेत. कुणी बँकेत, सेतूमध्ये किंवा अशा संस्थेत काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

काउंटरपलीकडचा :
ताई, बँकेतून निवृत्त झालोय, म्हणून लिहितो. तहसील आणि बँक दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग, म्हणजे त्या आधारचे पैसे याच बँकेत यावेत अशी नोंद, असणं वेगळं. आधारवर येणारे पैसे खाते क्रमांक बघून जात नाहीत. बँकांमधली पैशांची देवाणघेवाण बघणाऱ्या एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, म्हणजे यादीत, त्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव असतं तिकडे जातात, आणि एका वेळी तिथे एकच बँक असते. शेवटची संमती जिथे दिली, ती. अक्कांनी मध्ये कधी गॅससाठी, बचत गटासाठी किंवा जनधनचं दुसरं खातं काढलं होतं का? घरातली सगळी पासबुकं काढून बघा, फाटकी असली तरी.

बँकेत जाल तेव्हा "आधार लिंक आहे का" असं विचारूच नका. "डीबीटीसाठी सीडिंग ॲक्टिव्ह आहे का" असं विचारा. नसेल तर सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

सेतूवाला :
बोट येत नाही म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. बुबुळांवरून आणि चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. दुसऱ्या केंद्रात न्या आणि आधी बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, मोबाइल नंबरही तेव्हाच बदलून मिळेल. नंबर कुणाचा द्यायचा ते नीट ठरवा. संस्थेच्या कार्यकर्त्याचा देऊ नका. तो माणूस उद्या संस्था सोडून गेला की पुन्हा हीच अडचण. शेजारची विश्वासातली सून किंवा भाची असेल तर तिचा द्या. जाण्याआधी कोमट पाण्याने हात धुवून थोडं ग्लिसरीन लावलं तर कधीकधी बोटही उमटतं.

मोतीबिंदू असेल तर कधीकधी बुबुळही नीट येत नाही, त्यामुळे ऑपरेशन होणार असेल तर त्यानंतरच अपडेट करा. अंथरुणावरच्यांसाठी आधारची घरी येऊन काम करण्याची सेवा आहे. शुल्क लागतं आणि थांबावं लागतं, पण येतात.

कुंभारीकर :
एवढ्या भानगडीपेक्षा पोस्ट पेमेंट्स बँकेत नवीन खातं काढा ना. पोस्टमन घरी येऊन काढतो, पैसेही घरी आणून देतो. माझ्या आईचं तसंच चाललंय.

काउंटरपलीकडचा :
@कुंभारीकर, सोय चांगलीच आहे. फक्त एक लक्षात ठेवा. नव्या खात्यात सीडिंग केलं की आधारवर येणारं सगळंच तिकडे वळतं, गॅसची सबसिडीसुद्धा. घरच्यांना आधी सांगून मग करा, नाहीतर पुढच्या महिन्यात "ते पैसे कुठे गेले" सुरू होतं. आणि आधीचे अडकलेले पैसे नवं खातं काढल्याने आपोआप येत नाहीत, त्यासाठी तहसीलमध्ये संजय गांधी शाखेत, म्हणजे निराधार योजनांचं काम बघतात तिथे, वेगळा अर्ज द्यावा लागेल.

ताई, अंथरुणावरच्या लोकांबद्दल : ७० वर्षांवरच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना २०१७ पासूनची सूचना आहे. शाखेत तोंडी मागितली तर "स्टाफ नाही" ऐकायला मिळतं. लेखी मागा.

शनिवारची ताई (धागाकर्ती) :
सगळ्यांचे मनापासून आभार. पासबुकांचं वाचलं आणि लगेच अक्कांकडे गेले. पत्र्याच्या पेटीतून खरंच दुसरं पासबुक निघालं. जनधनचं, दुसऱ्याच बँकेचं. गल्लीत शिबिर लागलं होतं तेव्हा काढलेलं, नंतर कधी हात लावला नव्हता. त्या शाखेत चौकशी केली. खातं सुरू आहे, पण केवायसी जुनी झाली म्हणून पैसे काढता येत नाहीत, असं म्हणाले. शिल्लक अक्कांना स्वतःलाच आणल्यावर सांगतील. अनुदान तिथेच जमा होत असावं असं वाटतंय. आता केवायसीसाठी पुन्हा सगळी कागदपत्रं मागतायत, आणि पत्ता तर काहीच बदललेला नाही.

काउंटरपलीकडचा :
माहितीत काही बदल नसेल तर ग्राहकाचं तसं स्वयंघोषणापत्र पुरतं. ते बँकेच्या बीसीकडे, म्हणजे गल्लीतल्या ग्राहक सेवा केंद्रातही देता येतं, रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये तशी सोय केलीय. शाखा व्यवस्थापकांना शांतपणे हे सांगा. सरकारी योजनेचे पैसे येणारी शून्य शिल्लक खाती दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय करायची नाहीत, असाही नियम आहे. उद्या कुणी तसं म्हणालं तर उपयोगी पडेल.

दक्षिण सोलापूर :
एवढं करूनही दाद मिळाली नाही तर लोकशाही दिनात अर्ज टाका. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि एकेका व्यक्तीचा वेगळा द्या. सगळ्यांचा मिळून एक दिला तर सामूहिक म्हणून बाजूला ठेवतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद करून ठेवा.

शनिवारची ताई :
दक्षिण सोलापूर, हे फार कामाचं सांगितलंत. वेगवेगळे अर्ज करायला या शनिवारपासूनच बसतो. तेलुगूत समजावून सांगायला आमच्याबरोबर कॉलेजच्या दोन मुली येणार आहेत.

अजून एक विचारते. आमच्याकडच्या काही जणी कुंभारीच्या रे नगरमध्ये घरं मिळाली म्हणून तिकडे राहायला गेल्यात. स्वतःचं पक्कं घर मिळालं याचा आनंद मोठा आहे. पण त्यांचं श्रावणबाळ उत्तर सोलापूर तहसीलला, आणि आता राहतात दक्षिण सोलापूर तालुक्यात. हयातीचा दाखला कुठल्या तहसीलला द्यायचा? प्रकरण वर्ग करून घ्यायचं की नव्याने अर्ज करायचा? नव्याने केला तर वर्षाला २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढावा लागेल आणि मधले महिने कोरडे जातील, ही मला भीती आहे. रे नगरमध्ये कुणी हे करून घेतलं असेल तर कोणत्या टेबलावर काय कागद दिले ते कृपया लिहा.