पोस्टग्रेस १४.२ वरून पुढे जाताना नवी आवृत्ती बसवणे पुरेसे आहे का, की इंडेक्सही पुन्हा बांधावे लागतात?

प्रश्न

नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या सभासदांची खाती आणि रोजचे व्यवहार पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेस प्रणालीच्या १४.२ या आवृत्तीवर आहेत आणि आता याच मालिकेतील ताज्या आवृत्तीवर जाण्याचे ठरत आहे. मधल्या आवृत्त्यांच्या रिलीज नोट्स वाचताना १४.४ पाशी शंका आली. 'कन्करंटली' (टेबलावरचे काम न थांबवता) हा पर्याय देऊन बांधलेल्या इंडेक्समध्ये, म्हणजे ओळी चटकन शोधण्यासाठीच्या सूचीमध्ये, काही ओळींची नोंद राहून गेलेली असू शकते, असे तिथे म्हटले आहे. कामकाजाच्या वेळात टेबल अडवून ठेवणे आम्हाला परवडत नाही, त्यामुळे आमचे बहुतेक इंडेक्स याच पर्यायाने बांधलेले आहेत. आजवर कोणतीही तक्रार आलेली नाही. दुरुस्त आवृत्ती बसवली की विषय मिटला, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १

नाही, विषय तेवढ्यावर मिटत नाही. नवी आवृत्ती बसवल्यावर यापुढे बांधले जाणारे इंडेक्स बरोबर होतील, पण आधीच अपुरे बांधले गेलेले इंडेक्स डिस्कवर जसेच्या तसे राहतील.

या दोषाचे मूळ एका सुधारणेत होते. इंडेक्स 'कन्करंटली' बांधायला मोठ्या टेबलावर तासन्‌तास लागू शकतात आणि तेवढा वेळ व्हॅक्यूमला, म्हणजे नको झालेल्या ओळी साफ करणाऱ्या प्रक्रियेला, इतर टेबलांमधल्या मृत ओळीही काढता येत नसत. आवृत्ती १४ मध्ये यावर उपाय म्हणून अशी सवलत दिली गेली की, साफसफाईची मर्यादा ठरवताना अशा इंडेक्स-बांधणीचा स्नॅपशॉट (तिला दिसणारी डेटाची त्या क्षणाची स्थिती) विचारात घेऊ नये. हेतू चांगला होता, परंतु ज्या टेबलावर बांधणी चालू आहे त्याच टेबलातल्या, बांधणाऱ्या प्रक्रियेला अजून दिसायला हव्या असलेल्या ओळींच्या आवृत्त्याही त्यामुळे निघून जाऊ लागल्या. परिणामी, बांधणी चालू असताना जी ओळ अपडेट झाली तिची नोंद कधीकधी नव्या इंडेक्समध्ये झालीच नाही. १६ जून २०२२ रोजी ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर १४.४ प्रसिद्ध करण्यात आली आणि तिच्यात ती सवलतच मागे घेण्यात आली.

खतावणीत सभासदाचे पान आहे, पण पुढच्या अनुक्रमणिकेत त्याचे नाव राहून गेले आहे, अशी ही स्थिती असते. पूर्ण टेबल वाचणारी क्वेरी ती ओळ दाखवते आणि इंडेक्समधून जाणारी क्वेरी ती नाही म्हणते. कोणताही एरर येत नाही. म्हणूनच तक्रार आलेली नाही, या गोष्टीवर मी अजिबात विसंबणार नाही.

तपासणीसाठी आवृत्ती १४ सोबतच आलेले पीजी-अॅमचेक हे साधन 'हीप-ऑल-इंडेक्स्ड' हा पर्याय देऊन चालवावे. टेबलातल्या प्रत्येक ओळीची नोंद इंडेक्समध्ये आहे की नाही, हे ते पडताळते. नेहमीच्या पद्धतीने चालवल्यास ते साध्या सिलेक्टइतकेच लॉक घेते, म्हणून चालू सर्व्हरवरही चालते, मात्र सगळा डेटा वाचत असल्यामुळे रात्रीची वेळ बरी. ज्या डेटाबेसमध्ये अॅमचेक हे एक्स्टेंशन (जोडून घ्यायचा भाग) बसवलेले नसते तो डेटाबेस हे साधन वगळून पुढे जाते, हेही लक्षात ठेवावे. आणखी एक मर्यादा म्हणजे ही पडताळणी फक्त बी-ट्री या नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्सची होते. जिन, जिस्ट वगैरे प्रकारचे इंडेक्स 'कन्करंटली' बांधलेले असतील तर ते सरळ पुन्हा बांधावेत. क्रम मात्र चुकवू नये: आधी नवी आवृत्ती, मग रीइंडेक्स (इंडेक्स पुन्हा बांधणे). १४.२ वर राहून 'रीइंडेक्स कन्करंटली' केल्यास तोच दोष पुन्हा नव्या इंडेक्समध्ये शिरू शकतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु केवळ १४.४ पाशी थांबू नये. किरकोळ आवृत्ती बदलताना डिस्कवरील फाइलींची रचना बदलत नाही, हे पोस्टग्रेसचे तत्त्व आहे आणि त्यामुळेच सर्व्हर थांबवून, नवे प्रोग्राम ठेवून तो पुन्हा सुरू करणे एवढेच पुरते. त्याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी की, जुन्या दोषाने जे मागे ठेवले आहे ते हे अद्यतन आपणहून साफ करत नाही. मे २०२४ मधली १४.१२ पाहा. काही सांख्यिकी व्ह्यूंमधून (टेबलासारख्या वाचता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरींमधून), ज्याला पाहण्याचा अधिकार नाही अशा वापरकर्त्यालाही माहिती दिसू शकत होती. दुरुस्ती व्ह्यूच्या व्याख्येत होती आणि ती व्याख्या तुमच्या डेटाबेसच्या कॅटलॉगमध्ये (त्याच्या स्वतःच्या रचनेच्या नोंदींत) आधीच लिहिलेली आहे. त्यामुळे जुन्या क्लस्टरवर (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांच्या समूहावर) प्रत्येक डेटाबेसमध्ये सोबत दिलेली एसक्यूएल फाइल हाताने चालवावी लागते, नव्या डेटाबेससाठी नमुना असलेले टेम्प्लेट डेटाबेससुद्धा वगळून चालत नाहीत. १४.३ मध्ये एल-ट्री (झाडासारखी उतरंड साठवणाऱ्या) प्रकारच्या स्तंभांवरील जिस्ट इंडेक्स पुन्हा बांधण्याची सूचना आहे. ओलांडलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या नोंदीचा अगदी पहिला, 'मायग्रेशन' या शीर्षकाचा भाग वाचावा. तो बहुधा दोन-चार परिच्छेदांचाच असतो.

प्रतिसाद ३

या चर्चेवरून कोणी १४.२ वरच थांबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधील दुसऱ्या गुरुवारी येणाऱ्या या आवृत्त्यांत नवी वैशिष्ट्ये घातली जात नाहीत; मुख्य शाखेत झालेली दुरुस्ती जुन्या शाखांमध्ये मागे नेताना तिथे जोखीम वाढणार नाही, हे पाहिले जाते. तरीही १४ नोव्हेंबर २०२४ च्या १४.१४ मध्ये, आणि त्याच दिवशीच्या इतर शाखांमध्येही, एका अंतर्गत स्ट्रक्चरचा (डेटाच्या मांडणीचा) आकार वाढला आणि जुन्या हेडरवर, म्हणजे त्या मांडणीच्या जुन्या व्याख्येवर, बांधलेली काही एक्स्टेंशने त्यामुळे अडचणीत आली. आठवड्याभरात १४.१५ काढून ते सुधारण्यात आले. तुमच्याकडे बाहेरची एक्स्टेंशने असतील तर आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग स्टँडबायवर (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) आणि शेवटी मुख्य सर्व्हरवर, असे जावे.

त्याच दिवशी ऑपरेटिंग सिस्टीमही बदलणार असाल, तर तो बेत वेगळा काढा. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत मजकुराचा क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पूर्वी '११' हे '१-१' च्या आधी येत असे, आता नंतर येते. रेड हॅट ७ वरून ८ वर किंवा डेबियन ९ वरून १० वर डेटाच्या फाइली तशाच नेल्या, तर त्या नियमांवर अवलंबून असलेल्या मजकुराच्या स्तंभांवरील, म्हणजे सभासदांच्या नावांवरील, इंडेक्सचा क्रम चुकतो. दोन्ही बदल एकदम केले तर कोणता इंडेक्स कशाने बिघडला, हे शोधणे फार कठीण होईल.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. सभासद क्रमांकावरचा युनिक इंडेक्सही 'कन्करंटली' बांधलेला आहे. त्यात नोंदी सुटल्या असतील तर काय होईल?

प्रतिसाद १

तिथे सर्वांत जास्त काळजी घ्यावी. सुटलेल्या ओळीचा क्रमांक इंडेक्सला माहीतच नसतो, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घातला गेला तरी तो अडवला जात नाही. अशा स्थितीत रीइंडेक्स दुबार मूल्याचा एरर देऊन थांबतो, आणि 'कन्करंटली' केलेला असल्यास शेवटी 'सीसीन्यू' जोडलेल्या नावाचा एक अवैध इंडेक्स मागे राहतो, तो काढून टाकावा लागतो. म्हणून आधी त्या सत्रापुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे तिन्ही बंद करून सभासद क्रमांकानुसार गट पाडावेत आणि एकापेक्षा जास्त ओळी असलेले क्रमांक काढावेत. त्या जोड्यांपैकी कोणती ओळ खरी, हे डेटाबेस सांगू शकत नाही. ते मूळ अर्ज आणि पावत्या पाहून संस्थेच्या जबाबदार व्यक्तीनेच ठरवावे, आणि त्यानंतरच रीइंडेक्स करावा.