रीडेव्हलपमेंट: जेसीबी येण्याआधी झाडांभोवती पत्रे लागलेच पाहिजेत

शेवगा
कोथरूडातल्या आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट ठरलंय. आवारात दोन आंबे, एक सोनमोहोर आणि कुंपणालगत जांभळाचं मोठं झाड. बिल्डरने नकाशात चौघांभोवती हिरवे गोल काढलेत, म्हणजे झाली झाडं वाचवून! बेसमेंटच्या खोदाईची रेघ मात्र जांभळाच्या बुंध्यापासून जेमतेम हातभर लांब. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ब्रिटनच्या बीएस ५८३७ मानकात साधा हिशोब आहे: बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येत खोदकाम टाळा. ६० सेंमी बुंध्याला ७.२ मीटर. तेवढी जागा आधी पत्रे ठोकून बंद करा, आणि हे करारनाम्यात लिहून घ्या.

तिसरा मजला
सात मीटर? आपलं साइड मार्जिन, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यातली मोकळी जागा, किती, ते तरी बघा! छताचे पोपडे पडतायत, लिफ्ट नाही, आईला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. पार्किंग पालिकेच्या नियमानेच द्यावं लागतं. आणि झाडं जपायचा कायदा आहे की १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. लावू.

शेवगा
कुठे? सगळ्या प्लॉटखाली बेसमेंट आलं की स्लॅबवरच्या मातीत जास्वंद येईल, जांभूळ नाही.

साइटवाला
मी बांधकामावरच असतो. कुऱ्हाडीपेक्षा जास्त झाडं बुंध्याशी रचलेल्या विटा, मिक्सर धुतलेलं पाणी आणि खोडापर्यंत चढवलेला भराव यांनी मरतात. माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. झाड दोन-तीन पावसाळे तग धरतं, तोवर बिल्डर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) घेऊन मोकळा. मग म्हणायचं, कीड लागली. पत्र्यांना खर्च नगण्य. बेसमेंट आत सरकवायचं तर मात्र पार्किंग जातं, हे झाडप्रेमींनीही कबूल करावं.

गच्चीवरची बाग
पुनर्रोपण का नको?

साइटवाला
वड-पिंपळ त्यातल्या त्यात जगतात. जुन्या आंब्याचं अवघड. आधी काही महिने टप्प्याटप्प्याने मुळं छाटून तयारी करावी लागते. इथे क्रेन आदल्या रात्री येते.

तिसरा मजला
ठीक, पत्रे लावा. जांभळासाठी रॅम्प दुसऱ्या बाजूला फिरवत असतील तर सही करतो. आंब्यांपायी माझं पार्किंग जाणार असेल तर नाही. आणि सोनमोहोर कशाला ठेवायचा? दर पावसाळ्यात त्याची फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडते.

शेवगा
फांदी पडते म्हणून रीतसर परवानगी काढून छाटणी करतात. तुमच्या गाडीवर पडली होती, म्हणून झाडच तोडायचं?

तिसरा मजला
दोनदा पडली होती. काचेचे पैसे सोसायटीने अजून दिलेले नाहीत.