इयागोला कारण होतं की नव्हतं?

तिसरी घंटा

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा विषय निघाला की इंग्रज कवी-टीकाकार कोलरिजचा दाखला हमखास दिला जातो: इयागोचा दुष्टपणा हेतूशिवायचा आहे, आणि स्वगतांमधून तो फक्त निमित्तं शोधत असतो. दोनशे वर्षं हे मत चालत आलंय. मला ते पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो. विरोधात लिहिणाऱ्यांचं स्वागत आहे.

गोष्ट थोडक्यात अशी: ऑथेल्लो हा व्हेनिसचा सेनापती, जातीने मूर, म्हणजे काळा, परका. हाताखालचा इयागो त्याच्या मनात भरवतो की बायको डेस्डेमोनाचे कॅसिओशी संबंध आहेत, आणि ऑथेल्लो तिला मारतो. आता पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश बघा. इयागो २८ वर्षांचा शिपाईगडी. ऱ्होड्सला, सायप्रसला ऑथेल्लोच्या डोळ्यांदेखत लढलेला. लेफ्टनंटची जागा रिकामी होते आणि ऑथेल्लो ती कॅसिओला देतो. कॅसिओ फ्लॉरेन्सचा. इयागोच्या म्हणण्याप्रमाणे त्याने रणांगणावर एक तुकडीसुद्धा उभी केलेली नाही, त्याचं सगळं युद्धशास्त्र पुस्तकातलं. इयागो मात्र निशाणदारच राहतो. नोकरीत ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला वर नेलेलं ज्याने सोसलंय, त्याला हा माणूस समजून घ्यायला कोणत्याही टीकाकाराची गरज नाही.

आणि अपमान तिथेच थांबत नाही. सायप्रसच्या किनाऱ्यावर कॅसिओ इयागोसमोर त्याच्या बायकोचं, एमिलियाचं, चुंबन घेऊन स्वागत करतो आणि वर सांगतो की हे माझ्या वळणातच आहे. पुढे दारूच्या नशेत तोच कॅसिओ म्हणतो की मोक्ष मिळतानासुद्धा निशाणदाराच्या आधी लेफ्टनंटचा नंबर लागला पाहिजे! प्रेक्षक हसतात. इयागो ते ऐकत तिथेच उभा असतो.

‘त्याची कारणं फार आहेत, म्हणजे एकही खरं नाही’ हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. जखम एकच आहे, ठणका मात्र चार ठिकाणी लागतोय. ज्याला एकदा डावललं, त्याला बायकोच्या बाबतीतही आपल्याला कुणीतरी डावललंय असं वाटायला लागतं. ऑथेल्लोवर संशय, मग कॅसिओवरही संशय. हा संशय त्याने प्रेक्षकांसाठी ऐनवेळी रचलेला नाही, कारण चौथ्या अंकात एमिलिया स्वतःच त्याला ऐकवते की अशाच कुणा लबाडाने तुझं डोकं फिरवलं होतं आणि तू माझा ऑथेल्लोशी संबंध जोडला होतास. म्हणजे ही धुसफूस घरात जुनीच आहे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेक्सपिअरने ही गोष्ट घेतली ती सिंथिओच्या १५६५ च्या इटालियन कथासंग्रहातून. तिथला निशाणदार डेस्डेमोनावर आसक्त असतो, ती दाद देत नाही, म्हणून तो सूडाला पेटतो. बढतीचा प्रश्न त्या कथेत नाहीच. शेक्सपिअरने ती आसक्ती एका स्वगतातल्या दोन-चार ओळींपुरती ठेवली आणि बढतीची सल स्वतःहून घालून तिच्यावर नाटक उघडलं. जी गोष्ट लेखकाने मुद्दाम आणून पहिल्या पानावर ठेवली, तिला निमित्त कसं म्हणायचं?

निर्विकार

मांडणी चांगली आहे, पण तिसऱ्या अंकात ती कोसळते. त्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी, दोघं गुडघे टेकून शपथ घेतात तेव्हा, ऑथेल्लो त्याला म्हणतो की आजपासून तू माझा लेफ्टनंट. जागा मिळाली. कॅसिओ आधीच बडतर्फ झालेला आहे. सल बढतीची असती तर नाटक इथे संपायला हवं होतं. पण त्यानंतर दोन अंक उरतात, आणि सगळे मृत्यू त्या दोन अंकांत आहेत. ऑथेल्लो विषाचा विचार करत असतो, तेव्हा ‘विष नको, तिच्या बिछान्यातच गळा दाबून मारा’ हे सुचवणारा इयागोच. नवीन लेफ्टनंटला याचा काय उपयोग?

त्याची तक्रारही प्रामाणिक नाही. हल्ली बढती वशिल्याने आणि मर्जीने मिळते असं तो डेस्डेमोनाच्या मागे लागलेल्या रॉडरिगोपुढे गळा काढतो, आणि त्याच दमात सांगतो की शहरातले तीन बडे लोक माझ्यासाठी शब्द टाकायला ऑथेल्लोकडे गेले होते. वशिला त्यानेही लावलाच होता, तो चालला नाही इतकंच.

बायकोबद्दलचा संशय जुना असेल, मान्य. पण त्याचं वाक्य आठवा. आधी तो सांगतो की मला या मूरचा द्वेष आहे. मग म्हणतो, लोक असंही बोलतात की त्याने माझ्या अंथरुणात माझी जागा घेतली. आणि लगेच पुढे: खरं की खोटं मला माहीत नाही, पण नुसत्या संशयावर मी खात्री असल्यासारखा वागेन. आधी द्वेष, मग कारण, आणि कारण खरं असण्याची गरजसुद्धा नाही. कोलरिज याहून वेगळं काय म्हणाला?

आपल्याकडच्या शकुनीचं बघा. बापाच्या हाडांचे फासे, कैदेत उपाशी मेलेलं कुटुंब, ही सूडकथा व्यासांच्या महाभारतात नाही. लोकांनी ती मागाहून रचली, कारण एवढा विध्वंस करणाऱ्याला तेवढंच मोठं दुःख असलं पाहिजे असं आपल्याला वाटतं. इयागोच्या बाबतीत तुम्ही तेच करताय. शेक्सपिअर मात्र उलट दिशेने गेला. मूळ कथेत साधं, समजण्यासारखं कारण होतं, ते त्याने काढून टाकलं.

तिसरी घंटा

निर्विकार, काढून टाकलं नाही, बदललं. आणि तिसऱ्या अंकातली त्याच प्रवेशातली एक गोष्ट तुम्ही सोडलीत. लेफ्टनंटपद मिळण्याच्या थोडंच आधी ऑथेल्लो त्याची मानगूट धरतो: माझी बायको बदफैली आहे हे सिद्ध कर, नाहीतर तुझी खैर नाही. त्या क्षणापासून इयागोला परतीची वाट नाही. डेस्डेमोना निर्दोष ठरली तर हा मेला. कॅसिओ आणि ऑथेल्लो समोरासमोर बसून पाच मिनिटं बोलले तरी हा मेला. पाचव्या अंकात तो हे स्पष्ट बोलून दाखवतो. सुरुवात अपमानाने झाली, पुढचं भीतीने ओढत नेलं.

मृण्मयी

तुम्ही दोघंही इयागो स्वतःबद्दल काय बोलतो तेवढंच तपासताय. पाचव्या अंकातल्या ज्या बोलण्याचा तिसरी घंटा यांनी उल्लेख केला, त्यात भीती दुसऱ्या क्रमांकावर येते. पहिलं वाक्य वेगळंच आहे. कॅसिओ जिवंत राहिला तर त्याच्या रोजच्या जगण्यात असं एक सौंदर्य आहे की त्यापुढे मी कुरूप ठरतो, हे इयागो आधी म्हणतो. जिवाला धोका आहे हे त्यानंतर, जोडीला. पूर्ण नाटकातलं त्याचं सर्वांत खरं वाक्य मला हेच वाटतं. बढती, बायको, पैसा, काहीही त्यात नाही. तो हेवा आहे. दुसऱ्याचं काही हवं असणं ही लोभाची गोष्ट झाली. दुसरा चांगला आहे एवढंच सहन न होणं हे त्याहून फार भयंकर आहे.

म्हणून दुसऱ्या अंकात तो एकटा असताना ऑथेल्लोची स्तुती करतो. मला हा माणूस सोसवत नाही, पण तो स्थिर, प्रेमळ, उमदा आहे आणि डेस्डेमोनाला तो फार चांगला नवरा ठरेल, असं म्हणतो. समोर कुणी नाही, खोटं बोलायचं कारण नाही. त्याला त्यांचा चांगुलपणा अगदी स्वच्छ दिसतो, आणि जे दिसतं तेच मोडायचं असतं. निर्विकार म्हणतात हेतू नाही, तिसरी घंटा म्हणतात हेतू बढतीचा. मी म्हणते हेतू आहे, पण त्यात मिळवायचं असं काहीच नाही.

या सगळ्यात एमिलियाला कुणी विचारात घेत नाही. इयागोही घेत नाही! डेस्डेमोनाचा पडलेला रुमाल, जो इयागोने पुढे तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला, तो तिने त्याच्या लहरीखातर उचलून दिला. त्याने शंभरदा मागितला होता आणि कशासाठी ते कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या प्रवेशात ऑथेल्लो सांगतो की हे सगळं तुझ्या नवऱ्याकडून कळलं, तेव्हा ती पुन्हा पुन्हा एकच विचारते, ‘माझा नवरा?’ मग तो तिला तोंड आवर म्हणतो, घरी जा म्हणतो, ती ऐकत नाही आणि तो सर्वांसमोर तिला भोसकतो. रॉडरिगोलाही त्याने मारलं, पण अंधारात, कुणाला कळणार नाही असं. बायकोला मारण्यात डाव नाही, फायदा नाही, लपणं नाही. माणसांची नस ओळखणारा हा माणूस रोज शेजारी झोपणाऱ्या बाईबद्दल साफ चुकला.

उत्तररंग

मी हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन करतो, त्या बाजूने लिहितो.

इयागोची भूमिका करणाऱ्या नटाला एकच हेतू दिला की तो तिसऱ्या अंकापर्यंत थकतो. कारण भूमिका प्रचंड आहे. या नाटकात ऑथेल्लोपेक्षाही जास्त ओळी इयागोला आहेत. बढतीचा राग अडीच तास पुरत नाही. त्याला पुरतो तो आनंद. दुसऱ्या अंकातल्या स्वगताचा शेवट बघा: सगळं डोक्यात आहे, पण अजून गोंधळलेलं आहे, लबाडीचा पूर्ण चेहरा ती वापरल्याशिवाय दिसत नाही. त्याच्याकडे योजना नाही. कॅसिओला दारू चढली की तो ते वापरतो, डेस्डेमोना कॅसिओची रदबदली करायला लागली की ते वापरतो, रुमाल तर योगायोगाने पडला. जे हाती येईल त्यावर खेळ पुढे रेटत जाणारा माणूस आहे तो. प्रत्येक वेळी जमलं की त्याला आणखी पुढचं करावंसं वाटतं. हेतू कृतीच्या आधी पक्का असतो हे गृहीतच मला इथे लागू वाटत नाही. इयागोत तो कृती करता करता वाढतो.

शिवाय तो सगळं आपल्याला सांगतो. ऑथेल्लोला, डेस्डेमोनाला, एमिलियाला जे माहीत नाही ते प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि कुणी उठून ओरडत नाही. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी हे नाटक १८६७ मध्येच आणलं आणि देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. व्हेनिस न पाहिलेल्या प्रेक्षकालाही ते भिडलं याचं मोठं श्रेय मी या गुपितातल्या भागीदारीला देतो.

निर्विकार

उत्तररंग यांच्याशी बराच सहमत. फक्त ‘आनंद’ या उत्तराला एक प्रवेश आड येतो. चौथ्या अंकात ऑथेल्लोने वेश्या म्हटल्यावर डेस्डेमोना गुडघे टेकते ती इयागोसमोर: नवऱ्याचं मन परत मिळवायला मी काय करू? आणि तो म्हणतो, आत जा, रडू नका, सगळं ठीक होईल. इथे टोमणा नाही, नंतर फुशारकीचं स्वगतही नाही. आनंद असता तर शेक्सपिअरने तो इथे नक्की बोलून दाखवला असता. मला तिथे काहीच दिसत नाही, ना राग, ना मजा, ना हेवा. म्हणूनच तो प्रवेश वाचताना मला भीती वाटते.

पाणथळ

सगळे इयागोच्या मनात शिरलेत. मला वाटतं प्रश्न निम्माच विचारला जातोय. त्याने का केलं याच्याइतकंच ते इतक्या सहज कसं जमलं हेही महत्त्वाचं आहे.

ब्रॅबँशिओ, डेस्डेमोनाचा बाप, ऑथेल्लोला घरी बोलवत असे, त्याच्या लढायांच्या कहाण्या आवडीने ऐकत असे. त्याच ऑथेल्लोने मुलीशी लग्न केल्यावर मात्र जादूटोण्याशिवाय हे शक्य नाही, गोरी मुलगी काळ्याच्या मिठीत स्वतःहून जाणारच नाही, असं तो भर सभेत म्हणतो. तुर्क सायप्रसवर चालून येतायत म्हणून व्हेनिसला सेनापती हवाय, जावई नको. सभेतून जाताना बाप बजावतो: मूरा, तिच्यावर नजर ठेव, तिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. तिसऱ्या अंकात इयागो ऑथेल्लोला नेमकं हेच ऐकवतो, तिने बापाला फसवून तुमच्याशी लग्न केलं. पुढे जाऊन असंही सुचवतो की स्वतःच्या देशाचा, रंगाचा, बरोबरीचा नवरा नाकारणं हेच मुळात अनैसर्गिक नाही का? यातलं एकही वाक्य त्याच्या कल्पनेतून आलेलं नाही. सगळं व्हेनिसने आधीच तयार ठेवलं होतं, आणि ऑथेल्लोनेही ते आतल्या आत अर्धं मान्य केलं होतं. आपला काळा रंग, उतरतं वय, दरबारी गोड बोलणं न येणं ही कारणं तो स्वतःच मोजून दाखवतो. इयागोचा हेतू कोणताही धरा, या शहराशिवाय तो एक पाऊलही पुढे जाऊ शकला नसता.

तिसरी घंटा

पाणथळ, हे मला मान्य आहे आणि माझ्या मुद्द्याला पूरकच आहे. व्हेनिसमध्ये परका सेनापती होऊ शकतो, पुस्तकी फ्लॉरेन्सवाला लेफ्टनंट होऊ शकतो, आणि लढलेला निशाणदार जिथल्या तिथे. चौथ्या अंकात व्हेनिसहून हुकूम येतो की सायप्रसचा कारभार कॅसिओकडे द्यावा. नशेत मारामारी करून बडतर्फ झालेल्या माणसाला थेट राज्यपालपद! इयागोच्या डोळ्यांनी हे बघा.

आणि शेवटचं मौन. ऑथेल्लो विचारतो, या सैतानाला विचारा, त्याने माझा आत्मा आणि देह असा जाळ्यात का पकडला? इयागो म्हणतो, काही विचारू नका, जे माहीत आहे ते माहीत आहे, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. डेस्डेमोना मेलेली, एमिलिया मेलेली, आणि सांगायचं काय, तर एका हुद्द्यासाठी? मला वाटतं त्याला ती लाज वाटते. ते तोंडातून निघालं असतं तर तो फार छोटा दिसला असता.

मृण्मयी

लाज? एमिलियाला त्याने नुकतंच मारलंय, ते तिने तोंड बंद करायला नकार दिला म्हणून. मी उत्तर दिशेच्या वाऱ्यासारखी मोकळी बोलेन, असं म्हणून ती मरेपर्यंत बोलत राहिली. ती थांबल्यावर आता सगळे याच्याकडून ऐकायला आतुर आहेत, आणि नेमकं तेच तो देत नाही. मला यात अजूनही डाव दिसतो. बोलणं त्याचं हत्यार होतं. आता न बोलणं.

निर्विकार

लाजेबद्दल मीही मृण्मयी यांच्या बाजूचा. मौनाच्या जरा आधी ऑथेल्लो त्याच्यावर वार करतो. त्यावर इयागोचं उत्तर आहे: रक्त वाहतंय, पण मेलेलो नाही. बायकोचं प्रेत काही पावलांवर आहे, आणि हा जिवंत असल्याचं ऑथेल्लोला ऐकवतोय. लाजलेला माणूस हे वाक्य बोलत नाही. तिसरी घंटा, हे वाक्य तुमच्या वाचनात कुठे बसतं ते लिहा.