राष्ट्रपती निवडणूक : आपल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५च का?

चौकस :
राष्ट्रपती निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरतात. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या पुढे होती. तिला २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागलं तर ३९० येतात. मग १७५ कुठून आले? आणि आपल्याहून लहान तमिळनाडूच्या आमदाराला १७६ कसे?

कलम_पंचावन्न :
तुमचं सूत्र बरोबर आहे, लोकसंख्या चुकीची घेतलीत. अजून १९७१च्या जनगणनेचेच आकडे धरतात. तेव्हा महाराष्ट्र ५,०४,१२,२३५ होता. भागिले २८८ केले की १,७५,०४२ येतात. त्यात हजार १७५ वेळा जातो, बाकी ४२ उरते. बाकी ५००पेक्षा कमी असेल तर सोडायची, नाहीतर एक मत वाढवायचं. तमिळनाडू : ४,११,९९,१६८ भागिले २३४, म्हणून १७६.

या ५००च्या नियमाने गंमत होते ती केरळची. तिथे भागाकार १,५२,४८१ येतो. बाकी ४८१, फक्त १९ कमी पडले, म्हणून १५२. गोव्यात १९,८७८ येतात, तिथे २० होतात. सिक्कीमला ६,५५७, म्हणून ७. देशात सर्वात कमी मूल्य सिक्कीमचं, सर्वात जास्त उत्तर प्रदेशचं : २०८.

आकडेमोड :
१९७१वर का थांबलो तेही सांगायला हवं, कारण खरा प्रश्न तोच आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला. कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांचं राजकीय वजन घटू नये, हा हेतू. २००१च्या ८४व्या दुरुस्तीने मुदत वाढवली : २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१च चालणार.

फरक किती पडतो पाहा. आज तमिळनाडू १७६, महाराष्ट्र १७५, बिहार १७३. आमदारसंख्या तीच ठेवून २०११चे आकडे घातले तर बिहार ४२८, महाराष्ट्र ३९०, तमिळनाडू ३०८. क्रम थेट उलटा होतो! दक्षिणेकडच्या राज्यांची धास्ती मला रास्त वाटते. पण आज जिवंत असलेल्या माणसांना ५० वर्षांपूर्वीच्या शिरगणतीने मोजणं हेही कायमचं चालू शकत नाही.

चौकस :
म्हणजे विधानसभेच्या जागा वाढवल्या तर राज्याचं वजन वाढेल?

कलम_पंचावन्न :
नाही. जागा वाढल्या की भाजक वाढतो, प्रत्येक आमदाराचं मूल्य घटतं. राज्याची बेरीज लोकसंख्येवरच ठरते, थोडाफार फरक पडतो तो पूर्णांकाचा. महाराष्ट्राची बेरीज २८८ × १७५ = ५०,४००.

खासदारांचं मूल्य यातूनच निघतं. सर्व आमदारांच्या मतांची बेरीज भागिले निवडून आलेल्या खासदारांच्या जागा. २०२२ मध्ये ५,४३,२३१ भागिले ७७६ (लोकसभा ५४३, राज्यसभा २३३), म्हणून ७००. २०१७ मध्ये ते ७०८ होतं. जम्मू-काश्मीरच्या ८७ आमदारांची प्रत्येकी ७२ प्रमाणे ६,२६४ मतं २०२२च्या यादीत नव्हती, म्हणून देशभरच्या प्रत्येक खासदाराचं मत ८ने हलकं झालं. खासदाराचं मूल्य मात्र राज्यागणिक बदलत नाही. आपले ४८ आणि १९ मिळून ६७ खासदार, म्हणजे ४६,९०० मतं. आमदारांची धरून महाराष्ट्राचं वजन ९७,३००, एकूण १०,८६,४३१ पैकी.

मतपेटी :
हिशेब करताना लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात. विधानपरिषदेचे ७८ सदस्य यात नसतात. मुख्यमंत्री परिषदेवर असेल तर त्यालाही मत नाही. राष्ट्रपतिनियुक्त खासदारांनाही नाही. दिल्ली आणि पुद्दुचेरीच्या आमदारांना मात्र ७०व्या दुरुस्तीपासून आहे, अनुक्रमे ५८ आणि १६.

दुसरं, मूल्य काढताना जागा मोजतात, हजर आमदार नव्हे. एखादी जागा रिकामी असली तर बाकीच्यांचं मूल्य वाढत नाही, ती १७५ मतं त्या निवडणुकीपुरती गेली. अख्खी विधानसभा बरखास्त असली तरी निवडणूक थांबत नाही. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा नव्हती, तेव्हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राष्ट्रपतींची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं मत न्यायालयाने दिलं.

आणि मतपत्रिकेवर पहिल्या पसंतीचा १ हा आकडा नसेल तर मत बाद. आमदार उत्तर प्रदेशचा असेल तर एका चुकीत २०८ जातात.